इझी रनलाही हार्ट रेट वरच राहतो? कुठे बिनसतंय ते असं शोधा

तक्रार साधारण अशी असते. "हळू धाव, झोन २ मध्ये राहा," असं सगळे सांगतात. (झोन म्हणजे मेहनतीप्रमाणे पाडलेले हार्ट रेटचे टप्पे. झोन २ हा त्यातला खालचा, सोप्या धावेचा.) मी हळू धावतो, अगदी भरभर चालणारा माणूस बाजूने पुढे निघून जाईल इतका हळू. तरी घड्याळ १६५-१७० दाखवतं. चालायला लागलो की आकडा खाली येतो, धावायला लागलो की दोन मिनिटांत परत वर. महिना झाला, दोन महिने झाले, फरक काहीच नाही. मग माणूस एक तर हार्ट रेट बघणं सोडतो, नाही तर धावणंच सोडतो. धावणं सोडलेले लोक मी पाहिलेत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात काही बिघाड नव्हता. आकडा चुकीचा होता, किंवा तो ज्या पट्टीने मोजला ती पट्टी त्यांच्या मापाची नव्हती.

म्हणून तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आकडा खरा आहे का ते बघायचं, मग झोन खरे आहेत का, मग आजचा दिवस काही वेगळा आहे का. हे तिन्ही निस्तरलं की मगच वेगाकडे आणि तब्येतीकडे वळायचं. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात आणि "माझा स्टॅमिनाच नाही" इथे येऊन थांबतात.

आकडा खरा आहे का?

मनगटावरचं घड्याळ थेट हृदयाचे ठोके मोजत नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश सोडतं. रक्तातलं हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषून घेतं. दर ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि या चढउताराची लय पकडून घड्याळ आकडा काढतं. धावताना मात्र मनगटात आणखी एक लय असते, ती पावलांची. हात झुलतो, घड्याळ कातडीवर घासतं, नसांमधलं रक्तही हिंदकळतं. बहुतेकांचा कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १५५ ते १८० च्या आसपास असतो. घड्याळाची गफलत झाली की ते ठोके सोडून पावलं मोजत बसतं. धावणारे लोक याला 'कॅडन्स लॉक' म्हणतात.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. जवळजवळ दीड महिना माझा प्रत्येक इझी रन १७० ते १७४ वर चालला होता. श्वास शांत, बोलता येतंय, पाय हलके, आणि आकडा मात्र शर्यतीतला. एका सकाळी मी धावता धावता थांबलो, मानेच्या एका बाजूला दोन बोटं हलकेच टेकवली आणि घड्याळाच्या सेकंदांवर नजर ठेवून १५ सेकंद ठोके मोजले. ३५ भरले. चारने गुणले तर १४०. त्याच क्षणी पडद्यावर १७१ होतं. घरी येऊन त्या धावेचा हार्ट रेटचा आलेख आणि कॅडन्सचा आलेख एकावर एक ठेवले, तर दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या. चढावर पावलं आखडली तिथे "हार्ट रेट" खाली उतरलेला, उतारावर पावलं वाढली तिथे वर गेलेला. चढावर नाडी कमी आणि उतारावर जास्त, असं कुणाचं हृदय वागत नाही.

तेव्हा पहिली चाचणी हीच करा. धाव थांबवल्याबरोबर, लगेच, बोटांनी नाडी मोजा. उशीर केलात तर ठोके झपाट्याने उतरतात आणि तुलना फसते. मानेवर दाब देऊ नका आणि दोन्ही बाजूंना एकदम बोटं लावू नका, कारण तिथे जोरात दाबलं की नाडी त्या दाबानेच मंदावते. बोटांची मोजणी आणि घड्याळ यांत पाच-सात ठोक्यांचा फरक चालेल. वीस-तीसचा फरक असेल तर शरीरावर शंका घेणं तिथेच थांबवा.

उपाय साधे आहेत. घड्याळ मनगटाच्या हाडावर घालू नका, हाडाच्या दोन बोटं वर सरकवा. धावताना पट्टा एक घर जास्त आवळा. हात झटकला तर घड्याळ हलता कामा नये, पण बोटांना मुंग्याही यायला नकोत. मागची काच पुसा, तिच्यावर घाम आणि मलम यांचा थर साचतो. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रकाशाला पकडायला रक्तच कमी उरतं, म्हणून पहिली दहा मिनिटं घड्याळ बाहीखाली झाकलेलं ठेवा. गोंदण असलेल्या जागेवर सेन्सर नीट चालत नाही, शाईच प्रकाश शोषते.

एवढं करूनही आकडा पावलांना चिकटत असेल तर छातीचा पट्टा घ्या. हा माझा स्पष्ट सल्ला आहे. हार्ट रेट बघूनच ट्रेनिंग करायचं असेल तर महागड्या घड्याळापेक्षा साध्या घड्याळासोबतचा छातीचा पट्टा जास्त उपयोगी पडतो. पट्टा हृदयाची विद्युत लहर पकडतो, ईसीजीसारखी, त्यामुळे पावलांशी त्याचा गोंधळ होत नाही. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीने अंगावर घालायचा पहिला वायरलेस हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला, आणि छातीवरून विद्युत लहर पकडायचं ते तत्त्व आजही तसंच वापरलं जातं. पट्टा नको असेल तर दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा ऑप्टिकल (घड्याळासारखा प्रकाशाने मोजणारा) बँड हा मधला मार्ग. तिथे मांस जास्त आणि हालचाल कमी, म्हणून तो मनगटापेक्षा बरा चालतो.

पट्ट्याचेही दोष असतात, पण ते वेगळे ओळखू येतात. धावेच्या पहिल्या पाच-सात मिनिटांत आकडा अचानक २१०-२२० ला उडी मारतो आणि घाम आला की शहाण्यासारखा खाली बसतो, असं होत असेल तर पट्टा कोरडा आहे. बांधण्याआधी आतल्या बाजूचे दोन्ही इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करा. कोरड्या हवेत सिंथेटिक टी-शर्ट पट्ट्यावर फडफडला की त्यातून निर्माण होणाऱ्या स्थिर विजेनेही अशा उड्या दिसतात. थोडा घट्ट शर्ट घाला. धाव संपल्यावर पट्टा साध्या पाण्यातून काढा, नाही तर मीठ साचून दोन-तीन महिन्यांत तो बोलेनासा होतो. आणि पुढचं यंत्र पट्ट्यावरून सोडवून ठेवा. ओल्या पट्ट्यावर ते लावलेलंच राहिलं की त्याला वाटतं अजून कुणीतरी घातलंय, आणि बॅटरी संपते. मधेच आकडा गायब होत असेल तर दुसरं काही शोधण्याआधी बॅटरी बदलून बघा.

आकडा खरा आहे, मग पट्टी खरी आहे का?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

नवीन घड्याळात तुम्ही वय भरता आणि ते तुमचे झोन तयार करून देतं. बहुतेक वेळा ते २२० वजा वय हे सूत्र वापरून. त्यातून येतो तो कमाल हार्ट रेट, म्हणजे हृदय मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं तो आकडा. हे सूत्र इतकं सर्वत्र आहे की ते कुठल्यातरी भक्कम प्रयोगातून आलं असेल असं वाटतं. तसं ते आलेलं नाही. १९७१ च्या एका लेखात, आधीच्या वेगवेगळ्या अभ्यासांमधले ठिपके एका आलेखावर मांडून त्यातून ढोबळ रेघ ओढली गेली आणि ती टिकून राहिली. २००१ मध्ये तनाका या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या माहितीवरून २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र दिलं. गंमत अशी की चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० वर भेटतात. साठीला मात्र एक १६० म्हणतं आणि दुसरं १६६.

पण कुठलंही सूत्र घ्या, ते सरासरी सांगतं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल हार्ट रेटमध्ये वीस ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो. जास्त कमाल म्हणजे जास्त दम, असंही काही नाही. उंचीसारखी ती ज्याची त्याची असते, आणि सरावाने वाढत नाही.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. वय ४३. सूत्राने कमाल येते १७७. प्रत्यक्षात धावून मोजलेली कमाल १८८. सकाळी अंथरुणात मोजलेला विश्रांतीचा हार्ट रेट ५८. या माणसाने झोन २ ची वरची हद्द कुठे धरायची?

घड्याळ सूत्राच्या १७७ चे ७० टक्के घेतं आणि सांगतं १२४. खऱ्या कमालीचे ७० टक्के घेतले तर होतात १३२. तिसरी पद्धत कार्व्होनेन यांची, १९५७ पासूनची. तिच्यात कमालीतून विश्रांतीचा हार्ट रेट वजा करायचा, उरलेल्या १३० चे ७० टक्के काढायचे, म्हणजे ९१, आणि त्यात ५८ परत मिळवायचे. उत्तर येतं १४९.

माणूस तोच, हृदय तेच, झोनचं नावही तेच, आणि हद्द १२४ की १४९? पंचवीस ठोक्यांचा फरक आहे. "झोन २ मध्ये धावताच येत नाही, नुसतं चालावं लागतं," म्हणणाऱ्या कितीतरी जणांना पहिली, आखूड पट्टी मिळालेली असते. १४५ ला आरामात गप्पा मारत धावणारा माणूस त्या पट्टीवर सतत लाल दिसतो.

म्हणून दुरुस्तीचं पहिलं काम: घड्याळाच्या सेटिंगमध्ये जा आणि झोन कशाच्या टक्क्यांवर बेतलेत ते बघा. कमाल हार्ट रेटवर असतील तर ते 'हार्ट रेट रिझर्व्ह'वर (कमाल वजा विश्रांतीचा हार्ट रेट, म्हणजे वरची तिसरी पद्धत) करा आणि विश्रांतीचा हार्ट रेट स्वतः मोजून भरा. आठवडाभर सकाळी उठल्याउठल्या, बसण्याआधी मोजा आणि मधला आकडा घ्या.

दुसरं काम कमाल शोधण्याचं. ज्यांना किमान काही महिन्यांचा नियमित धावण्याचा सराव आहे आणि हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास नाही, त्यांनीच हे करावं. बाकीच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पंधरा-वीस मिनिटं नीट वॉर्म-अप, मग दोन-तीन मिनिटांचा चढ, तीन वेळा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात, आणि शेवटचा अगदी जीव तोडून. वर पोचताना दिसणारा सर्वांत मोठा आकडा तुमच्या कमालीच्या जवळचा. पट्टा घालूनच करा, मनगटावर भरवसा ठेवू नका.

मला स्वतःला कमालीपेक्षा थ्रेशोल्डची, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोरकस मेहनतीच्या हद्दीची, चाचणी जास्त पटते, कारण ती सहन होते आणि पुन्हा पुन्हा करता येते. जो फ्रील या प्रशिक्षकांनी रूढ केलेली पद्धत अशी: एकट्याने, सपाट रस्त्यावर, ३० मिनिटं जास्तीत जास्त टिकेल अशा एकसारख्या वेगाने धावायचं. पहिली दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबायचं. शेवटच्या वीस मिनिटांचा सरासरी हार्ट रेट हा तुमचा थ्रेशोल्ड. त्यांच्या कोष्टकात धावण्याचा झोन २ म्हणजे थ्रेशोल्डच्या ८५ ते ८९ टक्के. आपल्या वरच्या माणसाचा थ्रेशोल्ड १७० आला तर झोन २ होतो साधारण १४५ ते १५१. कार्व्होनेनच्या १४९ शी हे किती जवळ आहे बघा. दोन वेगळ्या वाटांनी गेलेले आकडे असे एका जागी आले की पट्टी बरोबर बसली असं समजायला हरकत नाही.

आणि एक चाचणी बिनयंत्राची. धावताना दहा-बारा शब्दांचं वाक्य न थांबता, मधे श्वास न तोडता बोलून बघा. बोलता आलं तर धाव सोपी आहे, घड्याळ काहीही म्हणो. तीन-चार शब्दांवर अडलात तर ती सोपी नाही. झोन बदलल्यावर ही चाचणी वरच्या हद्दीवर एकदा करा. तिथे बोलता येत नसेल तर हद्द पाच ठोके खाली घ्या.

आकडा खरा, पट्टी खरी, पण आजच वर का?

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही, पण माहीत हवं. अपुरी झोप, येऊ घातलेला ताप, आदल्या दिवशीची जोरकस धाव, दारू, कामाचा ताण, उंचावरची विरळ हवा, यांतल्या कशानेही त्याच वेगाला पाच-दहा ठोके जास्त दिसतात. सकाळचा विश्रांतीचा हार्ट रेट नेहमीपेक्षा सात-आठने वर असेल तर त्या दिवशी सावकाश धावा किंवा सुट्टी घ्या. ताप असेल तर धावूच नका.

उकाड्याचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्यात धाव सुरू होताना सगळं ठीक असतं आणि आकडा हळूहळू चढत जातो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामातून पाणी जातं, रक्ताचं आकारमान घटतं. एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी झालं की तेवढंच रक्त पुरवायला हृदय ठोके वाढवतं. तुमचा वेग तोच, मेहनत जवळजवळ तीच, पण तासाभरात दहा-पंधरा ठोके वर. याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात.

तासाभराच्या धावेचे दोन भाग करून बघा. पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी १४२ आणि त्याच वेगाने दुसऱ्याची १५४ असेल तर वाढ आठ टक्क्यांच्या वर गेली. पाच टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको. त्यापेक्षा जास्त आणि दिवस गरम असेल तर वेग कमी करा, पाणी प्या, पहाटे निघा. थंड दिवशीही दर वेळी एवढी वाढ होत असेल तर ते अंतर सध्या तुम्हाला झेपत नाही, किंवा सुरुवात जोरात होतेय.

इंटर्व्हलवाल्यांसाठी, म्हणजे जोरकस छोट्या फेऱ्या आणि मधे विश्रांती असा सराव करणाऱ्यांसाठी, एक: ४०० मीटरच्या जोरकस फेरीत "हार्ट रेट झोन ५ ला (सगळ्यात वरच्या झोनला) जातच नाही" ही तक्रार असेल तर कुठेही बिघाड नाही. हृदयाला मेहनतीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि फेरी तोवर संपते. छोट्या फेऱ्या पेस (वेग) बघून पळा. हार्ट रेट तिथे मार्गदर्शक होऊ शकत नाही.

सगळं तपासलं, तरी वरच

आता खरोखर तुमच्या धावेकडे बघायचं. पट्टा घातलाय, झोन स्वतःचे आहेत, हवा थंड आहे, आणि तरी हद्दीच्या दहा-पंधरा ठोके वर. नव्याने धावू लागलेल्यांत हे इतकं नेहमीचं आहे की याला बिघाड म्हणायलाच नको. हृदय एका ठोक्याला अजून कमी रक्त फेकतंय, म्हणून ठोके जास्त लागतात. नियमित सरावाने पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो आणि ठोक्यामागे बाहेर पडणारं रक्तही वाढतं. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं मात्र महिनोनमहिने घेतात. तोवर धाव-चाल करा आणि त्यात कमीपणा मानू नका.

मी असं करतो. हद्द १४९ असेल तर आकडा १४९ ला टेकला की चालायचं, १३५ ला उतरला की पुन्हा धावायचं. पहिल्या आठवड्यात दर दोन मिनिटांनी चालावं लागेल. चढावर चालायचंच, जीव ओढत धावायचं नाही. वेग कमी करताना पावलं लांब आणि जड करू नका. पावलांची लय तशीच ठेवून पाऊल छोटं करा. अनेकांचा हार्ट रेट एवढ्यानेच पाच ठोके उतरतो. पहिली दहा मिनिटं तर लाज वाटेल इतकी हळू जाऊ द्या, कारण सुरुवातीला उसळलेला आकडा पुढची सगळी धाव खाली बसत नाही.

बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी हे कुठलेच आकडे वापरू नयेत. ते औषध हार्ट रेट दाबून ठेवतं, त्यामुळे १२० देखील जड मेहनत असू शकते. त्यांनी बोलण्याची चाचणी वापरावी, किंवा स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांची ६ ते २० ची श्रमपट्टी (मेहनत किती जड वाटते त्याला स्वतःच आकडा द्यायचा), आणि औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

आणि काही गोष्टी घड्याळाच्या सेटिंगने सुटणाऱ्या नाहीत. पट्ट्यावर, ओल्या इलेक्ट्रोडवर, आकडा एकाएकी दोनशेच्या पुढे जातो, छातीत फडफड जाणवते आणि तितक्याच एकाएकी तो पूर्ववत होतो. धावताना छातीत दुखतं किंवा दडपतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्ध जाते. यांत धाव तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना त्या धावेचा आलेख सोबत न्या, तो त्यांना उपयोगी पडतो. दुखणं थांबूनही कमी होत नसेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीने रुग्णालय गाठा. पूर्वी नीट असलेला इझी रन कारण नसताना तीन-चार आठवडे दहा-पंधरा ठोके वर राहिला, सोबत थकवा असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या धावपटू बायकांमध्ये लोहाची कमतरता बरीच आढळते आणि "स्टॅमिना कमी झाला" म्हणून ती महिनोनमहिने अंगावर काढली जाते.

प्रगती मोजायला रोजचा आकडा बघू नका. महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, वॉर्म-अप करून, आपल्या झोन २ मधल्या एकाच आकड्याच्या (समजा १४५) आसपास राहून ५ किलोमीटर जा आणि फक्त वेळ लिहून ठेवा. घड्याळ दुरुस्त करून झोन बदलल्यानंतर माझी पहिली नोंद ४१ मिनिटं १० सेकंद होती, चालणं धरून. दुसऱ्या महिन्यात ४० मिनिटं ५५ सेकंद, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात ३८ मिनिटं ३०. चौथ्यात ३६ मिनिटं २०, आणि त्या दिवशी चढ सोडला तर मी कुठेही चाललो नव्हतो.